बाबांची केस

४ एप्रिल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार गाळला आहे, मुद्दाम. फोन करत नाही, कारण तुझा आवाज ऐकायची इच्छा नाही आणि माझा चढला की सगळं ऑफिस कान टवकारतं.

काल तुझ्या साथरोग विभागातली एक मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून माझ्या कोल्ड स्टोरेजमध्ये आली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या वडिलांची केस आमच्याकडे आहे. त्यासाठी तुमच्या छतावरच्या कूलिंग टॉवरची माहिती हवी होती."

बाबांना जाऊन महिना झाला नाही, आणि सख्ख्या भावाने त्यांच्या नावाने माझ्यावर केस ठोकली! मी विचारलं, आणखी कोणाकोणाची आहे? तर म्हणे सलूनवाल्याची आहे, बँकेच्या वॉचमनची आहे, समोर शिवणकाम करणाऱ्या बाईंची आहे. म्हणजे अर्ध्या रस्त्याने मिळून माझ्यावर केस केली आणि मला पत्ताच नाही. मी त्या मुलीला दरवाजा दाखवला आणि तडक वकिलाकडे गेले. तो विचारतो, कलम कुठलं? मी म्हटलं, ते माझ्या भावाला विचारा, तो फार शिकलेला आहे.

बाबा तुझ्या घरी राहत होते. तुझ्या घरी आजारी पडले. भर संध्याकाळी तुझ्या बायकोने त्यांना डोक्यावरून न्हाऊ घातलं, ओल्या डोक्याने वाऱ्यात बसवलं, आणि दोन दिवसांत छाती भरली. हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. केस करायची तर मी करायला हवी होती.

कलम कळव.

तुझी (कागदोपत्री) बहीण

---

७ एप्रिल

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. मी गाळत नाही, हात आपोआप लिहितो.

वकिलाची फी फुकट गेली. आमच्या कामात केस म्हणजे आजारी माणूस, कोर्टकचेरी नव्हे. तू त्या मुलीला नीट विचारलं असतंस तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण आधी ऐकून घ्यायचं आणि मग भडकायचं, हा क्रम तुला लहानपणापासून जमला नाही.

आता ऐकून घे. महिन्याभरात तुमच्या भागातल्या आणि आसपासच्या, बाबा धरून, एकोणीस जणांना न्यूमोनिया झाला. चौघे गेले. ते वेगवेगळ्या दवाखान्यांत होते. एका डॉक्टरने सलूनवाल्याला सांगितलं, सिगारेट सोड. दुसऱ्याने वॉचमनला सांगितलं, रात्री मफलर बांध. तिसरा म्हणाला, वय झालं, चालायचंच. प्रत्येकाने आपल्यापुढची एक छाती तपासली, आणि ती बरोबरच तपासली. फक्त या छात्या एकाच रस्त्यावरून आल्या आहेत हे कुणाला दिसलं नाही. ते बघायचं काम आमचं. पूर्वी साथ आली की लोक हवेला दोष द्यायचे, नशिबाला द्यायचे, नाहीतर घरातल्या बाईला. मग कुणीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसणं सोडून तो कुठे राहतो, कुठलं पाणी पितो, कुठून जातो हे विचारू लागलं, आणि अर्ध्याहून जास्त आजारांचा पत्ता तिथे सापडला.

आम्ही नकाशावर ठिपके मांडले. मग प्रत्येक आजाऱ्यामागे त्याच वयाची, त्याच भागातली दोन धडधाकट माणसं घेतली आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले. धडधाकट माणसांना आम्ही कंट्रोल म्हणतो. सिगारेट दोघांतही तेवढीच निघाली. मफलर न बांधणारेही तेवढेच. फरक एका गोष्टीत पडला. आजारी पडलेले बहुतेक सगळे तुझ्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर, विशेषतः तिथल्या बसथांब्यावर, संध्याकाळचा वेळ काढत होते. तुझ्या मशीनची उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्या टॉवरमधल्या कोमट पाण्यात एक जंतू वाढतो. पंखा ते पाणी बारीक तुषार करून बाहेर फेकतो, आणि खाली उभा असलेला माणूस ते श्वासावाटे आत घेतो. माणसाकडून माणसाला तो लागत नाही. न्हाण्याने तर नाहीच नाही.

पाण्याचा नमुना घेऊ दे. आणि आत्याला, मामाला, दिसेल त्याला माझ्या बायकोबद्दल जे सांगत सुटली आहेस ते थांबव. ती महिनाभर घराबाहेर पडलेली नाही.

दादा

---

९ एप्रिल

दादा,

मला ठकू म्हणू नकोस. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या हाताखाली तीस माणसं आहेत.

आता समजलं. कोर्टातली केस परवडली असती. तिथे निदान न्यायाधीश भाऊ नसतो. तुझ्या बायकोवर आळ आला, तो तुला पुसायचा आहे, आणि पुसायला फडकं म्हणून तुला मी सापडले. किती सोयीचं आहे बघ! न्हाऊ घालणारी सुटली आणि बहीण अडकली, वर शास्त्राचा शिक्का. तुझ्या साहेबांना माहीत आहे का, की ज्या टॉवरवर तू बोट ठेवतोस तो तुझ्या बहिणीचा आहे आणि तिच्याशी तू वर्षभर बोलत नाहीस?

ते ठिपके तुझे तुला लखलाभ. रस्त्याला छाती नसते, दादा. माणसाला असते. बाबांना खोकला व्हायचा तेव्हा आई छातीला तेल चोळायची, नकाशाला नाही. आणि तुझ्या त्या कंट्रोलमध्ये माझी शेजारीणही आहे म्हणे. जिला स्वतःच्या जिभेवर कंट्रोल नाही तिच्या उत्तरांवर तू माझा धंदा बुडवणार.

एकच विचारते. बाबा तुझ्याकडे होते, नदीच्या पलीकडे. तुमच्या बाजूने वारा इकडे येतो, इकडून तिकडे जात नाही, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. मग माझ्या टॉवरचे तुषार काय बसचं तिकीट काढून बाबांकडे गेले?

पाणी मिळणार नाही. वकील सांगेल तेव्हा बघू.

आणि मी तुझ्या घरी का येत नव्हते तेही लिहून ठेव तुझ्या कागदावर. तूच दारात उभा राहून सांगितलंस, "माझ्या बायकोला नावं ठेवायची असतील तर ही पायरी चढू नकोस." बाबा आत बसून ऐकत होते. त्या दिवसापासून मी चढले नाही. तू सांगितलेलं मी ऐकलं, तुझी एवढीच एक गोष्ट मी आयुष्यात ऐकली असेन.

---

१६ एप्रिल

ठकूस,

नमुना आम्ही काल नोटीस देऊन घेतला. टॉवर बंद ठेवायचा आदेशही आज तुला मिळेल. तो माझ्या सहीचा नाही. तुझं माझं नातं मी साहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. निर्णय त्यांचे आहेत, मी फक्त माहिती गोळा करतो. तुला वाटतो तेवढा मी हलकट नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातं, पण सांगतो. तुझा वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे. बाबा आमच्या यादीत "संशयित" म्हणून होते. ते गेले तेव्हा साथ आहे हे कुणाला कळलं नव्हतं, त्यामुळे त्या जंतूची तपासणी झालीच नाही. उरला प्रश्न ते तुमच्या रस्त्यावर गेले होते का एवढाच. मी घरी हिला दोनदा विचारलं. ती म्हणाली, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बागेत जायचे, दुसरीकडे कुठे नाही. म्हणून बाबांचं नाव आम्ही काढून टाकलं. ते काढायला मीच सांगितलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यावरून तुला पेढे वाटावेसे वाटतील. वाटू नकोस. बाकीचे अठरा आहेतच.

दादा

---

१८ एप्रिल

दादा,

टॉवर बंद आहे. खोल्या तापताहेत. लोकांची सफरचंदं मी दुसऱ्यांच्या गोदामात हातापाया पडून हलवते आहे, आणि तिथले मालक मला असं बघतात की जणू मीच शिंकले तर त्यांना न्यूमोनिया होईल.

पण बाबांचं नाव काढलंस, त्याबद्दल आभार. आता ते एका कागदावर लिहून दे: "आमच्या वडिलांचा मृत्यू माझ्या बहिणीच्या टॉवरमुळे झाला नाही." खाली तुझी सही. बाकी अठरा जणांचं काय ते कायदा बघेल. मला एवढंच हवं आहे. रात्री पाठ टेकली की तेवढंच डोळ्यांपुढे येतं, म्हणून हवं आहे. तुला काय त्याचं.

---

२ मे

ठकूस,

तुझ्या टॉवरच्या पाण्यात तो जंतू सापडला. सलूनवाल्याच्या थुंकीत सापडला तोच, त्याच जातीचा. टॉवरच्या तळाला गाळ साचला होता, औषध कित्येक महिने घातलेलं नव्हतं, हे तुझ्याच फोरमनने सांगितलं. टॉवर बंद झाल्यानंतर आठवडाभरात दोन रुग्ण आले, ते आधीच लागण झालेले. त्यानंतर एकही नाही. साथ आपोआपही ओसरत असेल, असं एक वाक्य मी अहवालात घातलं आहे, कारण ते घालावं लागतं. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही.

तू मागितलेला कागद मी देणार नाही. बाबा टॉवरमुळे गेले असं मी म्हणू शकत नाही, आणि त्यामुळे गेले नाहीत असंही नाही. आमचं शास्त्र गर्दीबद्दल बोलतं. त्या रस्त्यावर थांबणाऱ्यांना धोका नऊपट होता, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण त्यातल्या एकाला हात धरून पुढे आणलंस आणि विचारलंस, हा कशाने गेला, तर मी गप्प बसतो. रोज कुणाची ना कुणाची बायको, कुणाची मुलगी येऊन हेच विचारते. त्यांनाही मी काही देऊ शकत नाही. तू बहीण म्हणून जास्त मिळणार नाही.

पण न्हाण्याबद्दल मी सांगू शकतो. न्हाल्याने हा आजार होत नाही, कुणालाच नाही. ते तू आत्याकडे जाऊन, तिच्या तोंडावर मागे घे. हिने आता आरशासमोर उभं राहणंही सोडलं आहे. शेजारची म्हातारी परवा तिला म्हणाली, "सासऱ्याला जरा जपायचं होतंस गं." हे तू पेरलेलं आहेस.

दादा

---

५ मे

दादा,

म्हणजे यादीत नाही, कागदही नाही, आणि मी मात्र सगळं मागे घ्यायचं. वा!

बाबा तुझ्या लाडक्या अठरांमध्ये नाहीत. म्हणजे त्यांना साधा न्यूमोनिया झाला, म्हाताऱ्या माणसाला गारठ्याने होतो तसा. आणि गारठ्यात त्यांना ओल्या डोक्याने कुणी बसवलं, हे तुझं शास्त्र सांगत नसेल तर मी सांगते. उद्या आत्याकडे सगळे जमणार आहेत. तिथे पुन्हा सांगणार. तुला काय करायचं ते कर.

---

८ मे

वन्संना,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. हे ह्यांना न सांगता लिहिते आहे.

परवा आत्याबाईंकडे तुम्ही काय म्हणालात ते मला त्याच संध्याकाळी फोनवर कळलं. कळवणारीला फार वाईट वाटत होतं, म्हणून तिने सविस्तर सांगितलं.

तुम्ही दोघं भावंडं महिनाभर एकमेकांना पत्रं लिहिताय. त्यात माझं नाव किती वेळा आलं असेल, पण मला एकदाही कुणी काही विचारलं नाही. ह्यांनी विचारलं ते ऑफिसच्या कामासाठी, हातात पेन घेऊन. तुम्ही तर तेवढंही नाही. तुम्हा दोघांना जिंकायचं होतं, आणि मी मधे पडलेली वस्तू होते.

बाबा बागेत जात नव्हते. गेल्या वर्षी तुम्ही यायच्या थांबलात, त्यानंतर पंधरा दिवसांनी ते पहिल्यांदा नदीपलीकडे गेले. मग रोज. तुमच्या गेटसमोरच्या बसथांब्यावर बसायचे. पाच-साडेपाचला निघायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे. थांब्यावर म्हातारा माणूस बसला तर कुणाला काही वाटत नाही. एक बस जायची, दुसरी जायची. मी एकदा मागोमाग गेले तेव्हा पाहिलं. तुम्ही सुटून बाहेर याल आणि दिसाल, एवढ्यासाठी. मी म्हटलं, "बाबा, सरळ आत जा ना. मुलगी आहे तुमची." तर म्हणाले, "तिने आपणहून यायला हवं. मी आत गेलो तर ती मला खुर्ची देईल, पाणी देईल आणि भावावर तोंडसुख घेईल. मला नुसतं बघायचंय." माझ्याकडून त्यांनी वचन घेतलं की ह्यांना सांगायचं नाही. म्हणाले, तो चिडेल, आणि पुन्हा तुमच्या दारात जाऊन भांडेल.

परत आले की त्यांची कॉलर ओली असायची. मला वाटायचं घाम. डोक्याला साचलेल्या पाण्यासारखा कोंदट वास यायचा. त्या संध्याकाळी तो मला फारच आला, म्हणून मी पाणी कढत करून त्यांना न्हाऊ घातलं, टॉवेलने डोकं खसखसून पुसलं आणि खिडक्या लावून घेतल्या. वाऱ्यात बसवलं नाही. ते तुम्ही मनाने घातलंत.

ते गेल्यावर ह्यांनी विचारलं तेव्हा मी बाग सांगितली. वचन होतं, हे एक. दुसरं म्हणजे मला वाटलं, न्हाण्याचा आळ मला सोसेल. हे तुम्हाला सोसणार नाही, आणि ह्यांनाही सोसणार नाही, कारण ती पायरी ह्यांनीच बंद केली होती. तुम्हा दोघांना सांभाळायचं म्हणून मी गप्प राहिले. परवाचं ऐकल्यावर सांभाळायची इच्छा गेली. मी काही फार मोठ्या मनाची नाही.

माझी माफी मागू नका. मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि मला द्यायची नाही.

ह्यांना मी आज संध्याकाळी सांगणार आहे. बाबांचं नाव यादीत परत घालायचं की नाही ते त्यांचे साहेब ठरवतील. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं.

तुमची
वहिनी

---

१२ मे

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. माफी मागत नाही.

आत्याला फोन केला. न्हाण्याचं मी बोलले ते खोटं होतं, एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मामालाही केला. तुमच्या शेजारच्या म्हातारीचा नंबर माझ्याकडे नाही, असेल तर द्या. बाकीचं कुणाला सांगितलेलं नाही. ते मला सांगता येणार नाही, तुम्ही सांगायचं तर सांगा.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. वचन पाळत बसलात. वर्षभरात एक फोन केला असतात, "तुमचे बाबा खाली बसले आहेत" एवढे पाच शब्द बोलल्या असतात, तर मी भांडण बाजूला ठेवून धावत खाली गेले असते. गेले असते की नाही कोण जाणे. पण तुम्ही मला ती संधी दिली नाहीत, हे मी विसरणार नाही.

दादाला एक गोष्ट सांगा, त्याला लागेल. त्याच्या ऑफिसातून आलेल्या त्या मुलीने विचारली नव्हती आणि मीही सांगितली नव्हती. टॉवरचं पाणी पुढच्या गेटवर उडतं. कपडे ओले होतात, चष्म्यावर थेंब बसतात. म्हणून गेली चार वर्षं मी संध्याकाळी मागच्या दाराने घरी जाते. पुढच्या गेटने मी एकदाही बाहेर पडले नाही.